उद्याचा भाव

या देशात नोटेचं नाव 'उजाडलं'
आणि चिल्लरीचं नाव 'कोंबडा'.
क्वाचा. तांबाला.
तांबाला आता कुणी वाकून उचलतही नाही,
पण ब्लँटायरच्या कचेरीत मी फंडाची खतावणी लिहितो
तेव्हा शंभर कोंबड्यांचं एक उजाडणं
हे लहानपणीचं कोष्टक डोक्यातून जात नाही.
कोंबडं झाकलं तरी उजाडतं, म्हणतात.
चिंबोतीत मात्र उजाडणंच
कुणीतरी खिशात झाकून ठेवलं होतं.

चिंबोती सरोवराच्या काठी.
तिथे चांबो मासा पहाटे जाळ्यात यायचा
आणि दुपारपर्यंत गरीब व्हायचा.
लिलाँग्वेचे व्यापारी घाईत नसत.
आंब्याखाली ट्रक लावून
बाओच्या खळग्यांत बिया टाकत बसत.
घासाघीस त्यांच्या वतीनं ऊन करायचं.
अकराला निम्मा भाव,
बाराला पाव,
एक वाजता एनिफा माटेवेरे स्वतःच म्हणायची,
न्या, काय द्यायचं ते द्या.

मग पैसे आले.
दान नव्हतं ते, आणि धड धंदाही नव्हता.
दूर नॉर्वेत हालवर्द नावाच्या एका म्हाताऱ्यानं
जहाजांचे नटबोल्ट करायचा कारखाना विकला होता.
त्याची अट एकच, पहिला हप्ता तीन वर्षांनी.
आमचे साहेब चक्रावले. एवढी सवलत?
त्यानं कळवलं,
आमच्याकडे मासा वाळायला तीन महिने लागतात,
माणसांना थोडे जास्त द्या.

बर्फाचं यंत्र आलं. अठरा बायकांनी अंगठे दिले,
सहा जणींनी सह्या.
पहिल्याच वर्षी कॉम्प्रेसर जळला.
वीज आठवड्यातून चार दिवस,
तीही रात्री, चोरासारखी.
यंत्राच्या पोटात कुणाच्या तरी कोंबडीनं अंडी घातली.
(हे मी अहवालात लिहिलं नाही.)
लाल शाईची बाटली मी दोनदा मागवली.
नॉर्वेहून दर वेळी तेच उत्तर यायचं: थांबू या.

दुसऱ्या वर्षीचा ऑक्टोबर.
वाळूवर पाय ठरत नव्हता.
बारा वाजले. आंब्याखालून
व्यापारी सवयीनं उठले, पँट झटकली, पाव भाव सांगितला.
एनिफानं पेटी उघडली. आत चांबो,
बर्फात डोळे उघडे ठेवून, पहाटेइतकाच ताजा.
तिनं झाकण लावलं, त्यावर बसली
आणि म्हणाली, मावा.
मावा म्हणजे उद्या.
एवढा एकच शब्द. तो विकत घ्यायला
अठरा बायका, एक म्हातारा
आणि माझी दीड खतावणी लागली होती.
व्यापाऱ्यांतला एक जण हसला.
दुसऱ्यानं ट्रककडे पाहिलं, मग उन्हाकडे,
जसं उनानं त्याचं मीठ खाऊन बेइमानी केली होती.

आता सावेलोचं सांगतो.
तो मासे धुरावर भाजून टिकवायचा.
बर्फ आला आणि त्याची भट्टी थंड पडली.
मला म्हणाला, साहेब, तुमच्या कागदात मी कुठे आहे?
मी फॉर्म उलटापालटा केला.
'लाभार्थी' होता, 'परिणाम' होता,
'गरिबी किती टक्क्यांनी घटली' हेही होतं.
सावेलोला रकाना नव्हता.
बायकांनी त्याला यंत्रावर रात्रपाळी देऊ केली.
तो दोन रात्री आला. म्हणाला,
गारठ्यात झोप लागत नाही,
आणि मुलांना वास येत नाही माझा.
अजूनही कधी जळक्या लाकडाचा वास आला
की माझी बेरीज चुकते.

सातव्या वर्षी कर्ज फिटलं.
म्हाताऱ्यानं लिहिलं, परत पाठवू नका, पुढे सरकवा.
पुढे म्हणजे न्गालाम्बे,
खाडीपलीकडचं गाव.
सभेत आधी आरडाओरडा झाला.
ते जाळी चोरतात. त्यांच्या जावयानं आमची होडी बुडवली.
त्यांना उधार? त्यांना?
मी पेन उघडून बसलो होतो.
एनिफा बराच वेळ नखातला खवला काढत राहिली.
मग माझ्याकडे न बघता विचारलं,
पहिला हप्ता किती वर्षांनी लिहिणार?
तीन, मी म्हणालो.
मागून कुणीतरी ओरडलं, एवढी सवलत?
एनिफा म्हणाली, वीज त्यांच्याकडे
आमच्यापेक्षाही कमी येते.
चार लिही.